सांध्याची आतली बाजू

त्याला सगळे टिपूस म्हणत. अंगानं टिपूसभर होता म्हणून नव्हे. चांगला आडवा गडी, दारातून आत यायचा तर दारानंच जरा आवरून घ्यावं असा. नाव पडलं ते त्याच्या एका वाक्यावरून. इंजिन जोडून झालं की फडक्याला हात पुसत तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "एक टिपूस गळणार नाही." आणि खरंच गळायचं नाही. बावीस वर्षं तो गाड्या दुरुस्त करत होता, पण त्यानं बसवलेल्या सांध्यातून ऑइल पाझरलंय असं म्हणत कुणी परत आलं नव्हतं. त्याच्या गॅरेजची फरशी इतकी लख्ख असायची की शेजारचा टायरवाला दारात उभा राहून विचारायचा, "आत येऊ का, की पाय धुऊन येऊ?"

अशा माणसाला थोडा गर्व असणारच. टिपूसला थोडा नव्हता, भरपूर होता. फक्त तो त्याला गर्व म्हणत नसे, सवय म्हणत असे.

इंजिनांमध्ये त्याचं एक लाडकं इंजिन होतं. एकोणीसशे सीसीचं जुनं टर्बो डिझेल. चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, ताकद म्हणाल तर नव्वद घोड्यांची, म्हणजे आजच्या हिशोबानं काहीच नाही. पण मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आतच ते अशी ओढ धरायचं की भरल्या गाडीनं चढ चढतानाही गिअर खाली टाकायची गरज पडू नये. वीस वर्षांचं झालं तरी लिटरला वीस किलोमीटर देत होतं. त्याच्या खोडीही टिपूसला तोंडपाठ होत्या. थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीनं चोंदायचा. थंडीत इंजिनाला ऊब देणारे ग्लो प्लग रुसायचे. इंजेक्टरखालच्या तांब्याच्या वायसरी चेपल्या की चुकचुक आवाज सुरू व्हायचा. टायमिंग बेल्ट लाख किलोमीटरच्या आत बदलला नाही, तर एक दिवस तो तुटायचा आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून सगळंच आटोपायचं. आणि सगळ्यात नाजूक दुखणं म्हणजे टर्बो.

टर्बो म्हणजे मुठीएवढा पंखा. इंजिनाच्या धुरावर तो फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो. मिनिटाला दीड लाख फेरे. एवढ्या वेगात त्याचा दांडा तरंगतो तो ऑइलच्या पातळ थरावर. तो थर क्षणभर सुटला तरी दांडा घासतो. म्हणून लांबून, चढ चढून आल्यावर गाडी तडक बंद करायची नाही. मिनिटभर नुसतं चालू ठेवायचं, पंखा निवू द्यायचा, मग किल्ली फिरवायची.

हे टिपूसनं बहिणीच्या, ताईच्या घरी एकदा सांगितलं आणि दाजींनी ते मनावर घेतलं. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, पाणीपुरवठ्याच्या पंपघरातून निवृत्त झालेले. आयुष्यभर यंत्रांच्या वेळा पाळलेला माणूस. निवृत्तीनंतर त्यांनी हेच इंजिन असलेली जुनी गाडी घेतली आणि घरात नियम केला: मुक्कामाला पोचलं की कुणी उतरायचं नाही, सगळ्यांनी साठ मोजायचे. मोठ्यानं. पाहुणे बसले असतील तर त्यांनीही. ताई तर म्हणायची, "लग्नांना जाऊन मंगलाष्टकं कमी आणि ह्यांची मोजदाद जास्त ऐकलीय मी." पण मोजायची. तिची लेक, जिला मामा बबडी म्हणायचा, तीही मोजायची. आता सव्वीस वर्षांची बाई झाली होती, तरी मामाची बबडीच होती.

गेलं वर्षभर ती गाडी बबडीच चालवत होती. चार गावांतल्या दवाखान्यांमधून रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि दुपारी बाराच्या आत मोठ्या गावच्या लॅबमध्ये पोचवायचे, हे तिचं काम. स्वतःची गाडी असेल तरच मिळणारं. काम मिळालं तेव्हा तिनं सगळ्यात आधी मामाला फोन केला होता, दाजींच्या आधी. ह्या गोष्टीचा मामाला जो आनंद झाला होता तो त्यानं कुणाला दाखवला नाही, पण त्या दिवशी टायरवाल्याला स्वतःच्या पैशानं चहा पाजला, त्यावरून टायरवाल्यानं काय ते ओळखलं.

मंगळवारी सकाळी गाडी चढावर फुटली. फुटली म्हणजे इंजिनाचा आवाज एकदम वर गेला आणि वरच राहिला. बबडीनं पाय काढला तरी तेच. मागे पांढऱ्या-निळ्या धुराचा असा लोट की मागच्या गाड्या जागीच थांबल्या. तिनं किल्ली फिरवली, काढून हातात घेतली, तरी इंजिन किंचाळतच होतं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. जाळायला काहीतरी मिळालं की त्याला पुरतं. टर्बो तुटला होता, त्यातून इंजिनाचं स्वतःचं ऑइल आत ओढलं जात होतं आणि इंजिन तेच जाळत पळत सुटलं होतं. अशा वेळी लोक दार उघडून पळतात. बबडी पळाली नाही. तिनं पाचवा गिअर टाकला, ब्रेकवर उभी राहिली आणि क्लच सोडला. गाडीनं एक आचका दिला आणि इंजिन गपकन बंद पडलं. हे तिला मामानंच कधीतरी शिकवून ठेवलं होतं.

नमुने पोचायला चार वाजले. त्यातले एकवीस वाया गेले. एकवीस माणसांना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागणार होती. लॅबच्या बाईंनी सांगितलं, सोमवारपर्यंत खात्रीची गाडी आणा, नाहीतर आम्ही दुसरं कुणी बघतो.

त्याच संध्याकाळी दाजींचा टिपूसला फोन आला. फोन स्पीकरवर होता, मागे ताईच्या बांगड्या वाजत होत्या.

"काय झालं असेल रे?"

"टर्बो गेला, दाजी. आणि त्याच्यातून ऑइल आत गेलं."

"ते कळलं. पण का गेला?"

इथं टिपूसनं म्हणायला हवं होतं की उघडल्याशिवाय कळणार नाही. गिऱ्हाइकांना तो हेच सांगायचा, रोज दहा वेळा. पण घरच्यांपुढे माणसाला जास्त कळायला लागतं. तो म्हणाला, "टर्बो आपणहून जात नाही, दाजी. कुणीतरी गरम इंजिन तसंच बंद केलंय. एकदा नाही, बरेचदा."

मग दाजींचा आवाज आला, "हं." आणि फोन ठेवला गेला. बबडी तिथंच बसलेली आहे, हे टिपूसला माहीत नव्हतं. असतं तरी तो तेच बोलला असता.

गाडी बुधवारी ओढून आणली. गुरुवारी सकाळी त्यानं टर्बो काढला. दांडा बोटानं हलवला तर खिळखिळीत दातासारखा हलला. बेअरिंगवर जळाल्याचे निळे डाग होते. म्हणजे ऑइल पोचलं नव्हतं. गाडी तडक बंद केल्यानंही असं होतं, त्यामुळे त्याला वाटलं, बघा, मी म्हणालो तेच. तरीही नवा टर्बो बसवण्याआधी ऑइलचा रस्ता तपासायचाच, हा त्याचा नियम होता. नाहीतर नवाही आठवड्यात जातो. म्हणून त्यानं खालचं चेंबर सोडायला घेतलं.

चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाला लागलेली पत्र्याची परात. तिच्यात ऑइल साठतं. सात महिन्यांपूर्वी तिचा सांधा जरासा ओलसर झाला होता आणि टिपूसनं तो स्वतःच्या हातानं नव्यानं बसवला होता. ह्या इंजिनाला तिथं पॅकिंग नसतं, सिलिकॉनची पेस्ट लावायची असते. तीन मिलिमीटरची एक बारीक रेघ पुरते. टिपूसला कधी पुरली नाही. तो जाड रेघ ओढायचा, वर दुसरी ओढायचा, मग बोल्ट आवळायचा. जास्तीची पेस्ट दोन्ही बाजूंनी बाहेर यायची. बाहेरच्या बाजूची तो पात्यानं इतकी सफाईनं कापायचा की बघणाऱ्याला वाटावं, पट्टीनं आखलीय. आतल्या बाजूचं कुणाला दिसत नाही.

चेंबर खाली आलं आणि ते त्याला दिसलं. आतल्या कडेनं सिलिकॉनच्या राखाडी शेपट्या लोंबत होत्या. बऱ्याचशा तुटल्या होत्या. तुटलेल्या कुठं गेल्या ते बघायला त्यानं मान वर केली. ऑइल पंपाची जाळी, सगळ्या इंजिनाचं ऑइल जिच्यातून वर जातं ती, राखाडी चिंध्यांनी गच्च लिंपलेली होती.

तो गाडीखालच्या खड्ड्यात उभा होता आणि त्याला बाहेर यायचा धीर होईना. त्याच क्षणी त्याला दुसरंही आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी बबडीनं फोनवर सांगितलं होतं की सिग्नलला उभी असताना ऑइलचा लाल दिवा मधूनच लुकलुकतो. तेव्हा तो कुणाचं तरी इंजिन जोडत होता. "सेन्सर असेल गं, ये कधीतरी," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला होता. पोरगीनं वेळेवर विचारलं होतं आणि ह्यानं वेळेवर ऐकलं नव्हतं.

मग त्यानं जे केलं, त्याचं समर्थन करायला मी बसलेलो नाही. त्यानं जाळी काढली आणि रॉकेलमध्ये बुडवून ब्रशनं घासली. चेंबरच्या कडा खरवडल्या. निघालेल्या सगळ्या चिंध्या काळ्या ऑइलच्या पिंपात टाकल्या. दुपारी जुनं ऑइल गोळा करणारी टाकीची गाडी आली, पिंप उपसून गेली. संध्याकाळी जाळी अशी चमकत होती की कारखान्यातून आत्ता आलीय. ती हातात धरल्यावर टिपूसला स्वतःची इतकी किळस आली की त्यानं दार ओढून घेतलं आणि बाकावर बसून राहिला. आपण हे हाताच्या सवयीनं केलं, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. पण सवयीनं साफ करणारा माणूस दारावर नजर ठेवून साफ करत नाही.

शुक्रवार त्यानं कसाबसा ढकलला. नवा टर्बो आला, ऑइलचा नवा पाइप आला. तो बसवत राहिला. मनात जोडणी चालू होती. न सांगितलं तर काय होईल? काही नाही. गाडी चालेल. दाजी दोन महिने बडबडतील आणि विसरतील. पण संध्याकाळी ताईचा फोन आला. दाजींनी गाडीची दुसरी किल्लीही बबडीकडून काढून घेतलीय. गाडी दुरुस्त झाली तरी तिच्या हातात द्यायची नाही म्हणतात. "लॅबला कळवून टाक म्हणाले, जमणार नाही. सोमवारी सकाळी कळवणारे ती." ताई हळू आवाजात बोलत होती. "आणि ही पोर भांडतसुद्धा नाही रे. एरवी बापाला एका शब्दाला दहा शब्द ऐकवते."

शनिवारी सकाळी तो ताईच्या घरी गेला. दाजी खिडकीशी पेपर घेऊन बसले होते. ताईनं चहा ठेवला. बबडी आतून आली, समोर बसली आणि मामानं तोंड उघडायच्या आत म्हणाली, "मामा, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"गाडी मीच बंद करत होते. लगेच. घाईत असायचे ना." ती मांडीवरच्या हाताकडे बघत बोलत होती. "आधी मला वाटलं, मी कधीच तसं नाही केलं. मग आठवलं. तू फुकट राबलास त्या गाडीवर आणि मी..."

टिपूस पुढे सरकला. "थांब," तो म्हणाला. "दाजी, पेपर ठेवा जरा. ताई, तूही ये."

आणि त्यानं सांगितलं. सगळं. जाड रेघ, आतल्या शेपट्या, जाळी, लाल दिव्याचा फोन, रॉकेल, पिंप. त्यानं काही गाळलं नाही.

सांगून झाल्यावर त्याला वाटलं होतं, दाजी उठून उभे राहतील, चार शब्द सुनावतील. दाजी हसले. प्रेमानं हसले, हे जास्त वाईट.

"मामा आहेस खरा," ते म्हणाले. "भाचीला वाचवायला स्वतःच्या अंगावर घेतोयस."

"दाजी, मी खरं सांगतोय."

"बरं, दाखव मग तो सिलिकॉनचा तुकडा."

"सांगितलं ना, पिंपात टाकला. गाडी येऊन गेली."

"म्हणजे पुरावा नेमका टाकीच्या गाडीबरोबर गेला." दाजींनी पेपर पुन्हा उचलला. "अरे, तुझा सांधा बावीस वर्षांत गळला नाही. ह्या आमच्या गाडीचाही गळला नाही, मी स्वतः खाली वाकून बघत होतो दर रविवारी. आणि तू म्हणतोस, त्याच सांध्यानं इंजिन मारलं? कुणाला सांगतोस!"

"गळला नाही म्हणूनच तर..." टिपूस म्हणाला आणि थांबला. गळू नये म्हणून घातलेल्या पेस्टनंच गाडी मेली, हे शेंबड्या पोराला पटेल, पण पंपघरात तीस वर्षं काढलेल्या माणसाला पटेना. ताईनं पदरानं डोळे पुसले. भाऊ किती मायेचा, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. त्याला ते पुसून काढावंसं वाटलं.

बबडी मात्र तडकली. "मामा, नको ना असं करू! तू माझ्यासाठी खोटं बोलतोयस ह्याचा मला आणखी त्रास होतो. चुकलंय ते चुकलंय. मला खोटा आधार नको."

टिपूसनं आयुष्यात कमावलेलं नाव असं त्याच्याच घशात अडकलं. तो उठला. "चला," तो म्हणाला. "दोघंही चला गॅरेजवर."

"आता कशाला?"

"माझी व्हॅन आहे ना. तेच इंजिन. गेल्या वर्षी ह्याच हातानं चेंबर बसवलंय तिचं. तुमच्यासमोर उघडतो. आत काही नाही निघालं तर परत हा विषय नाही काढणार."

दाजी कुरकुरत निघाले. बबडी व्हॅनमध्ये मागे बसली. पोचल्यावर दाजी सवयीनं मोजायला लागले आणि अठराव्या आकड्याला एकटेच राहिलेत असं पाहून थांबले.

खाली खड्डा असलेल्या जागेवर त्यानं व्हॅन घेतली. इंजिन निवेपर्यंत तिघं बाकावर बसले. मग त्यानं ऑइल काढलं. चार लिटर आणि वर थोडं. ते निथळायला वीस मिनिटं गेली. दाजी उजेडाची बॅटरी धरून खड्ड्यात उतरले, बबडी वरून वाकून बघत राहिली. बोल्ट एकेक करून निघाले. पण चेंबर हलेना. त्याच्या सांध्यांची तीच तर ख्याती होती; बोल्ट काढले तरी सुटायचे नाहीत. त्यानं पातळ पातं कडेनं घातलं आणि लाकडी हातोडीनं हलके ठोके देत पुढे सरकवायला सुरुवात केली.

ठोके देता देता त्याच्या मनात आलं, आत स्वच्छ निघावं. एकही शेपटी नसावी. ती एकच गाडी वाईट नशिबाची असावी आणि बाकी सगळी बावीस वर्षं शाबूत राहावीत. हे मनात आलं आणि पाठोपाठ दुसरं आलं, की आत स्वच्छ निघालं तर डोक्यावर वाकून बघणारी ती पोर जन्मभरासाठी दोषी ठरते. आपण नक्की काय मागतोय, हे कळल्यावर त्याचा हात थांबला. दाजी म्हणाले, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही," आणि त्यानं पुढचा ठोका जोरात मारला.

चेंबर सुटलं. त्यानं ते दोन्ही हातांनी खाली घेतलं आणि दाजींच्या बॅटरीसमोर धरलं.

आतल्या कडेनं शेपट्या होत्या. काही लांब, काही कुरळ्या, दोन-तीन नुसत्या एका धाग्यानं लटकलेल्या. तळाशी चार तुटलेले तुकडे ऑइलच्या साईत बसले होते. दाजींनी बॅटरी वर वळवली. पंपाच्या जाळीचा तिसरा हिस्सा राखाडी झाला होता.

दाजींनी एक तुकडा चिमटीत उचलला, दोन बोटांत चुरगळून पाहिला. पंपघरातला माणूस होता. जाळी तुंबली की काय होतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. "आमच्या गाडीत असंच होतं?"

"ह्याच्या तिप्पट. जाळी पूर्ण बंद."

"मग टर्बोला ऑइल जाणारच नाही." ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. "मग कुणी साठ मोजले काय आणि सहाशे मोजले काय." जरा वेळानं, वर न बघता, बॅटरीच्या उजेडाकडे तोंड करून ते म्हणाले, "बबडे, माझं चुकलं गं. किल्ली घरी आहे, गेल्यावर देतो."

मग ते टिपूसकडे वळले आणि सकाळी जे चार शब्द द्यायचे राहिले होते ते आत्ता दिले. उघडल्याशिवाय बोललासच कसा, एवढाच त्यांचा मुद्दा होता, पण तो त्यांनी पाच-सहा तऱ्हांनी मांडला. टिपूसनं मान खाली घालून ऐकून घेतलं. शिव्या इतक्या बऱ्या वाटतील असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

तिघं वर आले. "उद्या संध्याकाळी गाडी देतो," टिपूस म्हणाला. "पेस्टची रेघ तुम्ही मोजा, दाजी. तीन मिलिमीटर. आणि ह्या इंजिनाच्या आणखी अकरा गाड्या आहेत माझ्या हातच्या. सगळ्यांना आजच बोलावतो. परत उघडतो."

"काय सांगणार त्यांना?" दाजींनी विचारलं.

"हेच. माझ्या हातानं झालंय म्हणून."

दाजी हात धुवायला नळाकडे गेले. बबडीनं लॅबच्या बाईंना फोन लावला आणि सोमवारी येते म्हणून सांगितलं. पलीकडून त्या बरं म्हणाल्या असाव्यात. तिनं फोन खिशात ठेवला. टिपूसला वाटलं, आता ती हसेल, निदान एक सणसणीत शिवी तरी देईल. दोन्हींतलं काहीही चाललं असतं. ती बाकावर बसली.

"रागावलीस?" त्यानं विचारलं.

"नाही रे." मग म्हणाली, "थोडी. पण ते नाही. मामा, मला आठवतंय."

"काय?"

"मी गाडी बंद केलेली. लॅबच्या दारात. उभी केली आणि फाटकन बंद केली. मला माझा हात दिसतो किल्लीवर. बाहेर एक बाई छत्री मिटत होती, तीसुद्धा दिसते."

"अगं, पण तसं झालंच नाही. आत्ता बघितलंस ना?"

"बघितलं. आणि मला तसंही माहितीये की नाही झालं. पोचल्यावर त्या मिनिटात मी चिठ्ठ्या जुळवते, कुठली बाटली कुणाची. रोज. त्या जुळवल्याशिवाय मला उतरताच येत नाही. म्हणजे मी लगेच बंद करणं शक्यच नाही." ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती, दुसऱ्या कुणाचा असावा तसं. "तू फोनवर बोललास मंगळवारी. रात्रभर मी शोधत होते, कधी केलं असेल, कधी केलं असेल. सकाळी ते सापडलं. आता ते जातच नाही."

टिपूस तिच्या शेजारी बसला. तिच्या खांद्यावर ठेवायला त्यानं हात उचलला, तर तो कोपरापर्यंत काळा होता. त्यानं तो परत मांडीवर ठेवला.

"परत सांग मला," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"मी नव्हती बंद केली."

"तू नव्हतीस बंद केली, बबडी. माझ्यानं झालं ते."

तिनं डोळे मिटले. बराच वेळ मिटून बसली. मग तिनं नाही अशी मान हलवली.

"परत," ती म्हणाली.

त्यानं परत सांगितलं.